घरून काम मागण्यापूर्वी: खान्देशातील नोकरदार आईसाठी काही हिशेब

प्रसूती रजेचे २६ आठवडे संपत आले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नोकरदार आईला दोन बाजूंनी विचारणा सुरू होते. कार्यालयातून फोन येतो, "मॅडम, केव्हा रुजू होताय?" आणि घरातून सुचवले जाते, "घरूनच का मागून घेत नाहीस काम?" विचारणारे दोघेही आपापली सोय पाहून बोलत असतात, त्यामुळे उत्तर मात्र आईलाच शोधावे लागते. मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात सात वर्षे रोज कार्यालयात जाऊन काम केले, त्यानंतर तीन वर्षे पूर्णपणे घरून केले आणि आता आठवड्यातले तीन दिवस तिकडे व तीन दिवस घरी अशी विभागणी करते. या तिन्ही पद्धतींतून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, जागा ठरवण्याआधी तास ठरवावे लागतात. दिवसाच्या कोणत्या तासाला मूल कोणाच्या हाती आहे याचे उत्तर तयार नसेल, तर कार्यालयही अंगावर येते आणि घरही. पुढे जे सांगितले आहे ते या एका उत्तरापर्यंत पोहोचण्याच्या कामाचे आहे.

हे सगळ्यांना लागू नाही, हे आधीच सांगितलेले बरे. भुसावळ किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत, दीपनगरच्या वीज केंद्रात, दवाखान्याच्या वॉर्डात, बँकेच्या खिडकीवर, एसटीच्या वाहकाच्या जागेवर किंवा अंगणवाडीत काम करणाऱ्या आईला घरून काम हा पर्यायच नसतो. तिने आपली शक्ती शिफ्ट बदलून घेण्यावर, पाळणाघरावर आणि रजेवर खर्च करावी. राज्य शासनाच्या सेवेतील महिलांना मूल १८ वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा २०१८ पासून मिळते आणि केंद्र शासनाच्या सेवेत तीच रजा ७३० दिवसांची आहे. ती पूर्वनियोजन करून, मुलाच्या परीक्षा आणि आजारपणे डोळ्यांसमोर ठेवून वापरावी. ज्यांचे काम संगणकावर चालते, म्हणजे हिशेब, कराची विवरणपत्रे, सॉफ्टवेअर, ग्राहकसेवा, ऑनलाइन शिकवणी, भाषांतर अशा कामांत ज्या आहेत, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

आधी एका आठवड्याची वही

कोणालाही काही विचारण्याआधी सोमवार ते शनिवार एक साधी वही ठेवावी. रजेवर असतानाच ठेवली तरी चालेल. फक्त त्या आठवड्यात रोज तीन-चार तास एखादे खरे काम, निदान जुनी कागदपत्रे लावण्याचे तरी, हाती घ्यावे, म्हणजे वहीला अर्थ येतो. पानावर चार रकाने आखावेत: वेळ, मी काय करत होते, मूल कोणाकडे होते आणि मध्ये कोणी उठवले. रात्री आठवून भरू नये, जागच्या जागी लिहावे, कारण रात्री आपण फार उदार होतो आणि सगळे काही "चाललं की" असे वाटते.

माझ्या वहीतला एक मंगळवार असा होता. ९.५० ला बँक जुळवणी (बँकेचा उतारा आणि आपल्या नोंदी यांचा मेळ) सुरू केली, मूल सासूबाईंकडे. १०.०५ ला दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब. १०.२० ला जुळवणीत ४,३१० रुपयांचा फरक सापडला. १०.२५ ला गॅसचे सिलिंडर आले. १०.३० ला सासूबाई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेल्या, जाताना म्हणाल्या, "बाळ झोपलंय, उठणार नाही." १०.४० ला बाळ उठले. ११.१० ला तोच ४,३१० चा फरक पहिल्या ओळीपासून पुन्हा शोधायला बसले. सव्वा तासात माझ्या हाताने काम झाले ते जेमतेम पंचवीस मिनिटांचे, आणि तरीही घरातल्या कोणालाही विचारले असते तर सकाळभर मी "लॅपटॉपवरच" होते असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले असते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले, त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. पाच तासांना एकच मिनिट कमी. कार्यालयात जाणारी बाई हे पाच तास पहाटे आणि रात्री अशा दोन टोकांना बसवते. घरून काम करणाऱ्या बाईच्या दिवसात ते दहा-दहा मिनिटांचे तुकडे होऊन कामाच्या मधोमध येऊन बसतात. आठवड्याच्या शेवटी वहीतला चौथा रकाना मोजावा. एका कामाच्या तासात तीनपेक्षा जास्त वेळा उठावे लागत असेल, तर त्या घरात सध्या घरून काम होणार नाही, आधी घराची व्यवस्था बदलावी लागेल, असे समजावे. तीन हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे. हिशेबाच्या कामात मला तेवढेच झेपते, इतर कामांत कदाचित थोडे अधिक झेपत असेल.

खोली, कूलर आणि वीज

चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीत २०१० ते २०११ या काळात घरून काम करण्याचा नऊ महिन्यांचा प्रयोग झाला होता, आणि अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह त्याचा अभ्यास केला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, हा निष्कर्ष सगळे सांगतात. प्रयोगात भाग घेण्यासाठी घरात कामाची स्वतंत्र खोली असणे ही अट होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपल्याकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशा घरात पाच माणसे राहतात, तिथे तो १३ टक्क्यांचा आकडा साहेबांपुढे ठेवण्यात अर्थ नाही. निदान दार लावता येईल अशी एक जागा, मग ती धान्याच्या कोठीची खोली का असेना, दिवसातले सहा तास मिळते का, हे पाहावे. मी पहिले वर्ष देवघराच्या बाजूच्या बोळात काढले. सकाळची आरती होईपर्यंत तिथे बसता येत नसे आणि त्यानंतर उदबत्तीचा धूर असे.

खान्देशात खोलीचा प्रश्न उन्हाळ्यात वेगळाच होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी स्लॅब तापतो, आणि ज्या खोलीत कूलर आहे त्याच खोलीत घरातली सगळी माणसे येऊन पडतात. कूलरला वारा बाहेर जाण्यासाठी खिडकी किंवा दार उघडे लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा भरतो. म्हणजे दार लावून बसण्याची आपली अट आणि कूलरची अट एकमेकींच्या विरुद्ध आहेत. शिवाय बैठकीत बोलताना समोरच्याला आपल्यापेक्षा कूलरच अधिक ऐकू येतो. यावर मला सापडलेले उपाय तीन आहेत. तोंडाजवळ माइक येणारा, वायरचा हेडफोन वापरावा. शक्य असेल तर एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कामाची वेळ सकाळी साडेसहापासून मागून घ्यावी, कारण एक ते चार या वेळात वरच्या मजल्यावर डोके चालत नाही. आणि ज्यांच्या कार्यालयात वातानुकूलन आहे त्यांनी घरून कामाचे दिवस उन्हाळ्यात कमी करून पावसाळ्यात व हिवाळ्यात वाढवून घ्यावेत. वर्षभर एकच वेळापत्रक असावे असा नियम कोणी केलेला नाही.

विजेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच मी एकदा चांगली फसले. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीचे तीन-बी विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते, आणि त्या वर्षी मी एका डाळ मिलचे काम घरून पाहत होते. मे महिन्याची २० तारीख, दुपारी दोनला वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण त्यावर आतल्या खोलीतला पंखा, सासऱ्यांच्या खाटेजवळचा छोटा कूलर आणि माझा राउटर असे सगळेच होते. पावणेचारला बॅटरी बसली. मोबाइलच्या नेटवर पोर्टल उघडले, तर मिलच्या मालकांच्या फोनवर गेलेला ओटीपी विचारायला फोन लावावा लागला आणि फोन लावला की नेट बंद पडे. ते लग्नाला चोपड्याला गेले होते. विवरणपत्र २१ ला सकाळी गेले. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, ते मी माझ्या खिशातून भरले. पण "घरून काम करणाऱ्या मॅडम" हे विशेषण मला वर्षभर चिकटले. कार्यालयातही वीज जाते, तिथेही पोर्टल अडते, पण तिथे ती वीज मंडळाची चूक असते. घरी ती आपली असते.

त्यामुळे राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा स्वतंत्र यूपीएस घ्यावा. राउटरला वीज इतकी थोडी लागते की तो काही तास सहज चालतो. इन्व्हर्टरवरून लॅपटॉपची एक वेगळी तार काढून घ्यावी आणि त्या बटणावर दुसरे काही लावू नये, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावे. गावात देखभाल-दुरुस्तीसाठी ठराविक दिवशी वीज बंद राहत असेल, तर तो दिवस कार्यालयात जाण्याचा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे जवळ असावीत. आणि तारखेला बांधलेले काम, म्हणजे ७ तारखेचा टीडीएस, ११ ची विक्रीची माहिती, २० चे विवरणपत्र, या तारखांना मी आता घरी बसत नाही.

मूल कोणाकडे

घरून काम म्हणजे मूल सांभाळण्याची सोय झाली, ही समजूत घरच्यांची असते, साहेबांची असते आणि खरे सांगायचे तर पहिल्या महिन्यात आपलीही असते. दीड वर्षाचे मूल समोर खेळत असताना आई पंधरा मिनिटे काम करू शकते, फार तर वीस. म्हणून घरून काम करायचे ठरले तरी मुलाकडे पाहणारे दुसरे माणूस लागतेच; फक्त ते माणूस आणि मूल आपल्या नजरेच्या टप्प्यात राहते, दूध पाजता येते, ताप आला तर लगेच कळते. मिळते ते एवढेच, आणि ते काही थोडे नाही. पण त्याहून अधिक मिळेल असे धरून चालल्यास फजिती होते.

हे दुसरे माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा सासू किंवा आई असते. त्यांना गृहीत धरू नये. मी सासूबाईंशी बोलले ते सहा महिने उशिरा, आणि बोलले तेव्हा कळले की त्यांनाही वेळापत्रक हवे होते. त्यांचे म्हणणे असे होते: "तू ऑफिसात गेलीस की मला ठाऊक असतं, सहापर्यंत पोर माझं आहे. तू घरात असलीस की ते तुझ्या दाराशी रडतं, मी ओढून आणते, तू बाहेर येतेस, मग माझं ऐकतं कोण?" त्यांचे बरोबरच होते. मग असे ठरले की दहा ते एक आणि अडीच ते साडेचार मी दाराबाहेर येणार नाही, मूल रडले तरी. एक ते अडीच मूल माझे आणि त्या वेळात त्यांनी आडवे व्हायचे. गिरणी, भिशी, देवळात भजन यांपैकी जे असेल ते साडेचारनंतर. आठवड्यातला एक पूर्ण दिवस त्यांचा, त्या दिवशी मूल पाळणाघरात. दाराच्या कडीला मी लाल रिबीन बांधत असे, रिबीन असली की आत बैठक चालू. शेजारच्या अमळनेरकडच्या मावशी मात्र रिबिनीला मोजत नसत, "तू घरमाच शे ना, मंग?" म्हणत सरळ आत येत आणि वाटीभर साखर मागत. त्यांच्यासाठी साखरेचा डबा बाहेरच्या कपाटात ठेवला.

नवऱ्याशी बोलणे याहून थोडक्यात उरकते, कारण तिथे फक्त वाटणी करायची असते. सकाळचा डबा, शाळेत सोडणे, लसीकरणाच्या तारखा, यांपैकी दोन कामे कायमची त्यांची, आणि "मदत" हा शब्द वापरायचा नाही.

पाळणाघराचा विचार लाज बाळगून करू नये. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला विश्रांतीच्या वेळेसह दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यावे, असे कायदा २०१७ पासून सांगतो. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळण्याचा हक्क तर १९६१ च्या मूळ कायद्यापासूनचा आहे. आपल्याकडील अनेक कारखान्यांत पन्नासच्या वर माणसे असतात आणि पाळणाघर मात्र कागदावरही नसते; मागणाऱ्या बाया एक-दोनच असल्या की विषय हसण्यावारी जातो. चार-पाच जणींनी मिळून एकाच कागदावर सह्या करून मागावे. खासगी पाळणाघर निवडताना मुले किती आणि सांभाळणाऱ्या किती, दुपारी मुले झोपतात त्या खोलीत हवा कशी आहे, आणि शाळांच्या सुट्टीत तिथे मोठी मुले येऊन गर्दी होते का, एवढे तरी प्रत्यक्ष दुपारी जाऊन पाहावे. सकाळी दाखवायला सगळीच पाळणाघरे चांगली असतात.

मूल शाळेत जाऊ लागले की गणित पुन्हा बदलते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा राज्य शासनाचा निर्णय २०२४ साली झाला. लहानग्यांच्या झोपेच्या दृष्टीने तो योग्यच आहे, परंतु साडेआठची गाडी पकडणाऱ्या आईला सोडायला माणूस कोण, हा प्रश्न त्याने नव्याने उभा केला. एप्रिलमध्ये उन्हामुळे सकाळची शाळा सुरू झाली की तोच प्रश्न अकरा-बारा वाजता आणायला कोण, असा होतो. ज्या आईला रोज घरून काम मिळत नाही तिने निदान या काळासाठी उशिरा येण्याची किंवा अर्ध्या दिवसाची सवलत मागावी. पूर्ण वर्षाच्या सवलतीपेक्षा सहा आठवड्यांची सवलत साहेब लवकर देतात.

बायका काय म्हणतात

माझ्या ओळखीत दोन्ही मतांच्या आया आहेत आणि त्यांची कारणे ऐकण्यासारखी आहेत. भुसावळहून जळगावला रोज अपडाऊन करणारी एक मैत्रीण घरून काम नकोच म्हणते. सुमारे २५ किलोमीटरचा तो रेल्वेचा प्रवास तिला शीण वाटत नाही. डब्यात ठरलेल्या सात-आठ जणी असतात, भाजी निवडून होते, कोणाच्या तरी मुलीची सोयरीक जमवून होते. "दिवसात तेवढाच वेळ मला कोणी आई किंवा वहिनी म्हणून हाक मारत नाही," असे ती म्हणते. कार्यालयात चहा गरम असताना प्यायला मिळतो, हे कारण मला तिघींनी स्वतंत्रपणे सांगितले आहे. दुसरीकडे, टाळेबंदीत पुण्याहून धुळ्याला माहेरी परतलेली आणि तिथूनच सॉफ्टवेअरचे काम करणारी एक जण आहे. तिला परत जायचे नाही, कारण पुण्यात दिवसाचे तीन तास रस्त्यात जात आणि मूल परक्या बाईकडे असे, इथे ते आजीकडे अहिराणी बोलायला शिकले. तिची तक्रार वेगळीच आहे. दोन बढत्या तिच्या हातून गेल्या, आणि त्या का गेल्या हे कोणी सांगितले नाही.

तिचा संशय निराधार नसावा. चीनमधल्या त्याच पहिल्या प्रयोगात असे दिसले की, काम तेवढेच चांगले असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी होते, आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्या जणांनी कार्यालयात परतणे पसंत केले. एकटेपणा हे त्यातले मोठे कारण होते. त्याच कंपनीत पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्याला दोन दिवस घर आणि बाकीचे कार्यालय अशी रचना होती. तिथे कामात किंवा बढत्यांत फरक दिसला नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटले, विशेषतः स्त्रियांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. साहेबांपुढे ठेवायचा असेल तर हा दाखला ठेवावा. मी स्वतःही याच बाजूची आहे: ज्या आईला निवड करता येते तिने पूर्ण घर मागू नये, दोन किंवा तीन दिवस मागावेत.

पैशाचा हिशेब करताना बहुतेक जणी फक्त प्रवासखर्च वाचला असे मोजतात. एका बाजूला गाडीचा पास, रिक्षा, पेट्रोल, पाळणाघराची फी आणि बाहेरचे खाणे मांडावे; दुसऱ्या बाजूला जादा वीज, इन्व्हर्टरची बॅटरी, इंटरनेट आणि घरी मुलाला पाहणाऱ्या बाईचा पगार. समजा प्रवासाचे १,२०० वाचले, पण दुपारच्या कूलरचे आणि नेटचे मिळून १,५०० वाढले, तर महिन्याला ३०० रुपयांचा तोटाच झाला. त्या तोट्याच्या बदल्यात रोजचे दोन तास मिळत असतील तर तो आनंदाने सोसावा, पण आकडा आधी माहीत असावा.

अर्ज कसा लिहावा

कायद्यातला एक बारकावा समजून घेतल्याशिवाय अर्ज लिहू नये. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने असे म्हटले की, कामाचे स्वरूप घरून करण्याजोगे असेल तर प्रसूती रजेनंतर मालक स्त्रीला घरून काम करण्याची मुभा देऊ शकतो, आणि ती किती काळ व कोणत्या अटींवर हे दोघांनी परस्परसंमतीने ठरवावे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद तशीच आहे. 'देऊ शकतो' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रजा हा हक्क आहे, घरून काम ही बोलणी आहे. म्हणून "कायद्याने मला मिळालेच पाहिजे" अशा सुरात अर्ज केला तर पहिल्याच वाक्यात बाजू लंगडी पडते. उलट रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे, तेव्हा "घरून काम मागितलं तर नोकरी जाईल" या धाकाने गप्पही बसू नये.

अर्ज रुजू होण्याच्या महिनाभर आधी, आणि शक्यतो महिन्याच्या मध्यावर द्यावा. १ ते ११ या तारखांत हिशेब विभागाच्या साहेबांपुढे कोणताही कागद ठेवू नये. मजकूर साधारण असा असावा:

"महोदय, मी दिनांक अमुकपासून प्रसूती रजेवर असून दिनांक अमुक रोजी रुजू होत आहे. माझ्याकडील कामांपैकी बँक जुळवणी, खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि देयकांची तपासणी ही कामे घरून होऊ शकतात. रोख पेटी, मूळ कागदपत्रांची फाइल आणि लेखापरीक्षकांसोबतची बैठक यांसाठी मी कार्यालयात उपस्थित राहीन. तरी पहिले तीन महिने मंगळवार, बुधवार व शुक्रवार हे दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. या दिवशी सकाळी ९.३० ते १.०० आणि दुपारी २.३० ते ६.०० मी फोनवर व ई-मेलवर उपलब्ध असेन आणि दिवसाच्या शेवटी झालेल्या कामाची नोंद पाठवीन. दर महिन्याच्या ७, ११ आणि २० तारखेला, वार कोणताही असला तरी, मी कार्यालयात येईन. तीन महिन्यांनी आपण या व्यवस्थेचा आढावा घ्यावा."

या अर्जात बाळाचा उल्लेख रजेपुरताच आहे, हे मुद्दाम. बाळासाठी सवलत मागितली की साहेब दया दाखवतात किंवा नाकारतात. कामाची विभागणी करून दिली की त्यांना कामाबद्दल बोलावे लागते. त्यातले "उपलब्ध असेन" हे तासही विचारपूर्वक लिहावेत, कारण ते एकदा लिहिले की रात्री नऊचा फोन न उचलण्याचा आधार तेवढाच असतो. तोंडी परवानगीवर विसंबू नये. साहेब बदलतात, आणि नव्या साहेबांना जुन्यांचे तोंडी शब्द आठवत नाहीत. तोंडीच होकार मिळाला तर त्याच संध्याकाळी "आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे" अशी सुरुवात करून एक छोटा ई-मेल पाठवून द्यावा.

पहिले तीन महिने

घरून कामाच्या दिवशीही घराबाहेर जायचे कपडे घालावेत. हे साहेबांना दिसावे म्हणून नव्हे, ते घरच्यांना दिसावे लागते. गाऊनवरच्या बाईला कोणीही हाक मारते, साडी किंवा ड्रेस घालून बसलेल्या बाईला निदान एकदा विचार करून मारते.

सणांचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच रजेच्या यादीत टाकावेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी येतात, त्या आठवड्यात घरात झोका बांधलेला असतो आणि दार लावून बसणे शोभतही नाही. कानबाई देवी नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, पण विसर्जन सोमवारी असते. त्या सोमवारी "घरून करते" असे सांगू नये, सरळ रजा टाकावी. कुरडया-पापडांच्या दिवसांत गच्चीवर सहा बाया असतात आणि चिकाचे पातेले ढवळायला सातवी लागते. अशा दिवशी अर्धे काम आणि अर्धे घर केले की दोन्हीकडून बोल येतो, आणि रजा मात्र शिल्लकच राहून वाया जाते.

दर शुक्रवारी सुरुवातीची ती चार रकान्यांची वही पुन्हा एक दिवस भरावी. उठण्याची संख्या घटत नसेल, रात्री मूल झोपल्यावर राहिलेले काम पुरे करण्याची वेळ आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त येत असेल, किंवा कार्यालयातल्या महत्त्वाच्या गोष्टी दोन दिवसांनी दुसऱ्यांकडून कळत असतील, तर घरचा एक दिवस कमी करावा आणि त्यात कमीपणा मानू नये. याच कारणासाठी हे तीन महिने होईपर्यंत रेल्वेचा पास संपू देऊ नये आणि पाळणाघरातली जागाही सोडू नये. अर्धी फी भरावी लागली तरी भरावी, कारण जूनमध्ये सोडलेली जागा दिवाळीपर्यंत परत मिळत नाही.